मानस

मडगावात, दुसऱ्या मजल्यावर, लॅबला खिडकी नाही.
पोदेराचा भोंपू तरी कुठून तरी आत येतोच,
मी टोपीत केस कोंबत असते तेव्हा.

रेजिना कुलासो. वय सदतीस. कुडतरी.
तिच्या बीजकोषातलं पाणी मी बशीत ओतते
आणि ढग शोधते.
बीज नाही शोधत, ते नुसत्या डोळ्यांना सापडत नाही,
दिसतो त्याच्याभोवतीचा घोळका.
सात मिळाले.
सहा सैल, तिझणासारखे बुळबुळीत.
सातवा घट्ट. मूठ आवळल्यासारखा.

रेजिना जन्मायची होती,
आईच्या पोटात होती, तेव्हाच हे बीज झालं
आणि अर्ध्यावर थांबलं.
चार-दोन चपट्या पेशी तेव्हापासून त्याला लगटून.
इतकी वर्षं त्या काही करत नव्हत्या,
म्हणजे काय करत होत्या ते आम्हाला कळत नाही.
मग अलीकडे कधीतरी गोल झाल्या, वाढल्या, थरावर थर,
आणि बीजाभोवती काचेसारखं कवच आलं
तेव्हा कवचातून हात आत घातले त्यांनी.

बीजाला साखर पचत नाही.
शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, आणि साखर पचत नाही!
त्या पचवतात, भरवतात,
आणि त्याच हातांनी सांगत राहतात: थांब.
अजून नाही. थांब.

शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं, मानस म्हणजे मन.
मी उठून म्हटलं, मानस म्हणजे दार.
वर्ग हसला.
पण दुर्भाटच्या बांधात ते होतं,
बाबांनी दोन वर्षं त्याची पावणी घेतलेली.
भरतीला फळ्या आपोआप मिटायच्या, खारं पाणी शेताबाहेर,
ओहोटीला आपोआप उघडायच्या.
तरी बाबा रात्री कंदील घेऊन निघत.
आपोआप मिटतं तर तुम्ही कशाला?
"काटकी अडकते," म्हणायचे.

बीजही गप्प नसतं.
ते काढून घेतलं तर भोवतीच्या पेशी
आपण कोण होतो ते विसरू लागतात.

माझं काम सोलण्याचं.
एन्झाइमचा थेंब, अर्धं मिनिट, बारीक पिपेट, आत, बाहेर.
सहा सोलली. एक फुटलं.
वहीत लिहिलं: एक फुटलं.
सुटलेल्या पेशी बशीच्या कडेला,
दुपारी पिवळ्या पिशवीत. त्या कुणी मोजत नाही.

"झालं?" वेर्णेकर डॉक्टर दारातून.
एक उद्यावर ठेवते, म्हटलं.
"कच्चं असणार."
असेल. त्याच्या माणसांसकट ठेवते.

गुंगीतून उठत रेजिनानं विचारलं, "कितलीं मेळ्ळीं?"
पाच. आणि एकाचं उद्या सांगते.
तिनं बोटं मोजली. दुसऱ्या हाताचा अंगठा
चादरीवर तसाच उभा राहिला.

रात्री साडेअकराला स्कूटर काढून परत गेले.
इन्क्युबेटर उघडला नाही, उघडू नये.
बाहेरचा आकडा पाहिला फक्त. सदतीस.
घरी येऊन झोपले.

सकाळी मूठ सैल झालेली.
हात आखडले होते, निरोप बंद पडला होता,
बंद पडला म्हणूनच बीज पुढं सरकलं.
सोलल्यावर दिसला
कवचाच्या आत, कडेला, एक इवला थेंब,
बीजानं स्वतःतून वेगळा काढून ठेवलेला वाटा.
म्हणजे तयार.
पेशी पुन्हा बशीच्या कडेला.
या वेळी मी त्या लगेच उचलल्या नाहीत.

कुडतरीला फोन लावला.
उचलला तिच्या आईनं.
"रेजिन न्हाता. म्हाका सांग."
मागे कोंबडी ओरडत होती, कुठंतरी बादली आपटली.
"स," मी म्हटलं.